ड्रॉपची वाट बघणं कधी थांबलं?

साखरपेठी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी विजापूर रोडने घरी येताना मुलाने गाडीत एक ट्रॅक लावला. तो १६ वर्षांचा, मी ४४. स्नेअर ड्रमचा मारा हळूहळू दाट होत गेला, सगळा आवाज वर वर चढला, क्षणभर शांतता, आणि मग धाडकन ड्रॉप, म्हणजे ठेका आणि बेस एकदम परत. त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे लकाकत होते. मला मात्र त्या ट्रॅकमधली आधीची दोन मिनिटं आवडली होती. त्यात फारसं काही घडत नव्हतं, नुसतं एक चक्र फिरत होतं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, तो तर इंट्रो आहे."

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

मी इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिककडे आलो तो ट्रान्स या प्रकारातून. ऑगस्ट २००४. पुण्यातलं हॉस्टेल, टीव्ही हॉल, मध्यरात्र उलटून गेलेली. अथेन्स ऑलिंपिकचं उद्घाटन चालू होतं, देशोदेशीचे खेळाडू मैदानात येत होते आणि टिएस्टो नावाचा डच डीजे वाजवत होता. समालोचक मधे बोलत होता त्याचा राग येत होता. दुसऱ्या दिवशी कॅम्पातून दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आणली. पुढची पाच-सहा वर्षं मी दुसरं जवळजवळ काही ऐकलं नाही. मिनिटाला १३८ ठोक्यांच्या टेम्पोत ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) ब्रेकडाउन म्हणजे साधारण ५६ सेकंद. ठेका गायब, नुसते सूर तरंगतायत, आणि सगळं अंग वाट बघतंय. २००७ च्या डिसेंबरात सोलापुरातून रात्रीच्या बसने गोव्याला गेलो, कांदोळीच्या वाळूत सनबर्न या डान्स म्युझिकच्या महोत्सवात उभा राहिलो. पाच-सहा हजार माणसं एकाच क्षणी श्वास रोखतात आणि एकाच क्षणी उडी मारतात. आजही अंगावर काटा येतो.

मग सोलापुरात परतलो, नोकरी, लग्न, मुलगा. आवड सरकत गेली. ट्रान्सचे मोठे मोठे सूर गोड लागेनासे झाले. १२०-१२४ चं हाउस ऐकायला लागलो. आणि गेली पाचेक वर्षं मिनिमल टेक्नो. डेट्रॉईटच्या रॉबर्ट हूडचा १९९४ चा 'मिनिमल नेशन' मी आता ऑफिसला जाताना ऐकतो. एक किक, म्हणजे खालचा जाड ठोका, एक छोटीशी आकृती, ती फिरत राहते, मधेच एखादा सूर कणभर सरकतो. २००४ मधल्या मला हे कुणी ऐकवलं असतं तर मी "सुरू कधी होणार?" असं विचारलं असतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात ३४ वर्षं यंत्रमागावर होते. चादरी, नंतर टॉवेल. आमची खोली कारखान्याच्या वरच होती. फरशीतून ठोका यायचा. आम्ही भावंडं त्या आवाजात झोपायचो आणि लाईट गेली की जागे व्हायचो. परवा एका ओळखीच्या कारखान्यात गेलो होतो तेव्हा मोबाइलवर टेम्पो मोजला. मिनिटाला ११८. अंगातून सर्रकन काहीतरी गेलं.

तर प्रश्न असा: तुमची आवड वयाबरोबर कशी बदलली? आणि का बदलली असं वाटतं? वय सांगून लिहिलंत तर बरं होईल.

होटगीरोड

वय ३९. विषय आवडला.

१९८९ मध्ये होलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांचा एक निबंध आला होता. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली, तर माणूस साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती ती त्याला जन्मभर सगळ्यात जास्त आवडतात असं निघालं. तुम्ही २००४ मध्ये २३ चे. म्हणजे त्या हिशेबाने तुम्ही अजून ट्रान्समध्येच असायला हवं होतं, पण तुम्ही तिथून उठून आलात. मला वाटतं तो निबंध लोकप्रिय गाण्यांबद्दल खरा आहे, डान्स म्युझिकबद्दल अर्धाच. गाणं आपण आठवणीसाठी ऐकतो. हे संगीत आपण वापरतो, चप्पल वापरावी तसं.

माझा मुद्दा सरळ आहे. वय बदललं म्हणून आवड बदलली नाही, आपल्याकडची रात्र गेली म्हणून बदलली. टेक्नोचा सेट रात्री दोन ते सकाळी सहा या वेळेसाठी बनवलेला असतो. तिथे ड्रॉप लागतो, कारण शरीर थकलेलं असतं आणि कुणीतरी ढकलावं लागतं. आता आपण हे संगीत सकाळी साडेसात वाजता डबा घेऊन निघताना ऐकतो. त्या वेळेला ५६ सेकंदांची हुरहूर कुणाला सोसणार? मी पुण्यात एकटा राहायचो तेव्हा १४५ चा सायट्रान्स ऐकायचो. मुलगी झाली आणि तीन महिन्यांत ॲम्बियंटवर, म्हणजे ठेका नसलेल्या संथ संगीतावर आलो. तीन महिन्यांत मी म्हातारा झालो नव्हतो, फक्त झोप मिळत नव्हती. तिला मांडीवर घेऊन ब्रायन ईनोचा १९७८ चा विमानतळांसाठीचा अल्बम लावायचो, ती निजायची, मी तसाच बसून राहायचो.

नवीपेठ_सायकल

+१. आमच्याकडे जावळं काढेपर्यंत घरात फक्त तेच वाजत होतं.

बारा_टॉप

साखरपेठी दादा, मी १७ वर्षं डॉल्बीच्या धंद्यात हाय. वय ४१. तुम्ही लोकं घरात ऐकता, मी पब्लिकच्या अंगावर बघतो. त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

लग्नाच्या वरातीत पयल्यांदा नाचायला उतरतात ती चाळीस-पंचेचाळीसची माणसं. नवरदेवाचे मामा, काका. त्यांना ओळखीचं गाणं लागतं. बेस कमी ठेवायचा, टॉप म्हणजे वरच्या आवाजाचे बॉक्स मोकळे सोडायचे, शब्द ऐकू आले पायजेत. वीस मिनिटांत ती माणसं घामाघूम होऊन बाजूला. मग पोरं पुढं येतात. त्यांना शब्द नको, त्यांना छातीत धक्का पायजे. तवा मी अठरा इंची बेस उघडतो. ट्रॅक तोच, फक्त कुठला बॉक्स किती बोलतोय ते बदललं. बघणाऱ्याला वाटतं गाणं बदललं.

आता माझं स्वतःचं सांगतो. सुरवातीला मी पाच-पाच मिनिटाला ड्रॉप द्यायचो. पब्लिक ओरडायचं, मला भारी वाटायचं. एका गणपतीत लेझीमचं मंडळ आमच्या पुढं होतं. सोलापूरचं लेझीम तुम्हाला माहितीच हाय, एकेका मंडळात दोनशे-तीनशे पोरं, पांढरा शर्ट, डोक्याला पट्टी. त्यांच्यापुढं फक्त हलगी आणि ताशा. एकच डाव पाऊण तास चालू. एकही पोरगं थकलं नाय, एकानं पण पाय चुकवला नाय. माझ्या टेम्पोमागची पोरं मात्र दर ड्रॉपनंतर ढेपाळत होती. त्या रात्री मला समजलं, माणसाला पळवायचं तर धक्का द्या, चालवायचं तर ठेका सोडू नका. तवापासनं मी एकच ठेका पंधरा-पंधरा मिनिटं ताणतो. पब्लिक टिकतंय.

हे वयानं आलं का धंद्यानं आलं, मला सांगता येत नाय.

कर्णिका

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, सोलापुरातच काम करते. वय ३६. आवडीबद्दल बोलताना कानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

जन्मतः आपल्याला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. वय वाढतं तशी वरची बाजू आधी झिजते. कानातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी उंच आवाज पकडतात, आणि त्याच आधी जातात. एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. आता हे तुमच्या संगीताला लावून बघा. हाय-हॅटची म्हणजे झांजेची चुरचुर, सिंथेसायझरची धार, टाळीची कड, हे सगळं वर असतं. किक आणि बेस खाली असतात, ते शेवटपर्यंत राहतात. म्हणजे २० व्या वर्षी आणि ५० व्या वर्षी तुम्ही तोच ट्रॅक ऐकत नसता. वरची कड बोथट होत जाते, खालचा ठोका तसाच राहतो. धागाकर्त्यांना किक आणि एक आकृती एवढंच पुरतं, त्याला हेही एक कारण असू शकेल.

दुसरी गोष्ट, जी पेशंट मला रोज सांगतात: "बारीक ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही." झिजलेल्या कानात हळू आणि मोठा यांच्यातली जागाच आक्रसते. त्यामुळे मोठ्या ड्रॉपचा त्रास होणं हा स्वभावातला बदल नसून कधीकधी सरळ कानातला बदल असतो.

यंत्रमागावर काम केलेली माणसं माझ्याकडे खूप येतात. आलेख काढला की ४,००० हर्ट्झच्या जागी खड्डा दिसतोच. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला १५ मिनिटं. मागांच्या शेडमध्ये आणि डॉल्बीपुढे माणसं किती वेळ उभी असतात ते तुम्हीच मोजा.

बारा_टॉप दादा, कळकळीने सांगते, मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. तुम्ही आणि तुमची टेम्पोवरची पोरं, सगळ्यांनी वापरा. बेस तरीही छातीत लागतो. मी स्वतः घालून नाचले आहे.

बारा_टॉप

ताई, दोन वर्षं झाली रात्री उजव्या कानात शिटी वाजते. कुणाला बोललो नव्हतो. येतो दाखवायला.

शेंगपोळी

वय ४७, जुळे सोलापूर. मला वरचं सगळं वाचून थोडं वेगळं सांगायचं आहे.

माझं माहेर भवानी पेठेत. मिरवणूक आमच्या दारावरून जायची. आम्ही मुली ओट्यावर. भाऊ पुढे नाचायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि अंधार पडला की आई आत बोलवायची. आतल्या खोलीत भांडी घासताना फळीवरची ताटं थरथरायची. नाच मला तेवढाच मिळाला. होटगीरोड म्हणतात त्या २४ व्या वर्षी माझ्या कडेवर मोठा मुलगा होता आणि घरात रेडिओ सासऱ्यांच्या खोलीत होता. मग माझी जन्मभराची आवड कोणत्या गाण्यांत अडकली म्हणायची?

मी ४४ व्या वर्षी झुंबाच्या क्लासला गेले, डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं म्हणून. तिसऱ्या दिवशी ताईंनी १२८ च्या ठेक्याचा एक ट्रॅक लावला. नाव मला अजून माहीत नाही. आवाज चढत गेला, सगळ्याजणी दोन्ही हात वर करून थांबलो, आणि तो जो काय ड्रॉप आला! मला रडू आलं. शेजारी साठीच्या एक काकू होत्या, त्याही हसत हसत डोळे पुसत होत्या. घरी येऊन मुलाला विचारलं, हे कुठलं संगीत? त्याने यादी करून दिली. आता रोज पहाटे कंबर तलावाला चार फेऱ्या, कानात तेच. मला ते एकच चक्र फिरत राहणारं लूप नको. मला ड्रॉपच पाहिजे, मोठ्यात मोठा.

साखरपेठी, तुम्ही वीस वर्षं ड्रॉप ऐकून तृप्त होऊन पुढे गेलात. माझी तर आत्ता सुरुवात आहे. त्यामुळे वयाचा हिशेब जन्मापासून धरू नका, पहिल्यांदा नाचायला मिळालं तिथपासून धरा.

साखरपेठी

शेंगपोळी ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्या प्रश्नातच खोट होती. मी गृहीत धरलं होतं की विशीत सगळ्यांना मोकळीक असते. माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती कांदोळीला कधीच आली नाही, आणि मी तिला कधी विचारलंही नाही. काल फोन केला. ती म्हणाली, तेव्हा विचारायला हवं होतंस.

कर्णिका, वडिलांचा आलेख अगदी तुम्ही म्हणता तसा आहे. ७५ वर्षांचे आहेत. नातवाचं बोलणं त्यांना कळत नाही, पण खाली रस्त्यावर टेम्पो उभा राहिला की त्यांना आमच्याआधी कळतं. खिडकीच्या गजाला तळवा लावून बसतात.

होटगीरोड, रात्र गेली हे पटतं. पण मग पहाटे चारला जाग आली आणि घर शांत असलं तरी मी ट्रान्स लावत नाही, तेव्हाही लूपच लावतो. म्हणजे नुसती वेळ नाही. आमच्या गल्लीतले वारकरी तासभर एकच गजर धरतात, एकच ओळ, टाळ-मृदंगाची लय कणाकणाने चढत जाते. लहानपणी मी तिथून पळायचो, कारण "पुढचं गाणं" यायचंच नाही. आता तिथेही बसावंसं वाटतं.

पार्कचौक

वय ६६. निवृत्त. या विषयावर माझ्या वयाचा माणूस लिहितो याचं नवल वाटून घेऊ नका. डिस्को आम्ही पाहिलेलं आहे. १९८० मध्ये 'कुर्बानी' आला. बिद्दूंनी संगीत दिलेलं नाझिया हसनचं गाणं ब्रास बँडवाल्यांनी दोन महिन्यांत उचललं, आणि त्या डिसेंबरात प्रत्येक वरातीत ते वाजत होतं. तुमच्या हाउसचा जो सरळ चार ठोक्यांचा ठेका आहे ना, तो आमच्या डिस्कोतूनच गेलेला. शिकागोत 'वेअरहाउस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डिस्कोच्याच तबकड्या लांबवून वाजवायचा, आणि 'हाउस' हे नावही त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. तेव्हा आम्ही तुमचे पाहुणे नाही, घरचेच आहोत.

माझी आवड बदलली ती दोन टप्प्यांत, आणि पहिला टप्पा दुःखाचा आहे. २०१७ मध्ये पत्नीची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी आणल्यावर सहाव्या दिवशी चौकात एका मंडळाची मिरवणूक थांबली. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, वस्तीच्या भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. मी खाली जाऊन हात जोडले. पोरं वाईट नव्हती, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, ऐकू येणं शक्यच नव्हतं. वर आलो तर ती उशी छातीशी धरून बसली होती. खिडकीच्या काचा वाजत होत्या. त्यानंतर दोन वर्षं मला कुठल्याही किकचा आवाज सहन होत नव्हता. टीव्हीवरच्या जाहिरातीतलासुद्धा.

दुसरा टप्पा मुलाने आणला. त्याने हेडफोन कानाला लावला आणि म्हणाला, हे ऐका, १९८२ चं आहे, मुंबईत केलेलं. चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे गृहस्थ. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, त्यांत ८०८ नावाचं ताल वाजवणारं आणि ३०३ नावाचं बेसचं, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरव, ललित, तोडी, मालकंस. अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये परदेशात तो पुन्हा निघाला आणि लोक चकित झाले, कारण शिकागोत ज्या ३०३ मधून ॲसिड हाउस हा हाउसचा प्रकार निघाला, तिचा तसा आवाज यांनी चार-पाच वर्षं आधीच काढून ठेवला होता. २०१५ मध्ये ते गेले.

मी मालकंस ऐकला. ठेका तोच, ज्याने मला छळलं होतं. पण आवाज माझ्या हातात होता, आणि त्यावर मालकंस. तुमच्या ड्रॉपला आमच्या शास्त्रीय संगीतात सम म्हणतात, तालाची पहिली मात्रा. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तुकडा, आली की पंचविशीतला श्रोता समेची वाट बघत मान पुढे काढतो. आता मी विलंबित ऐकतो, तेव्हा समेपेक्षा आवर्तनाच्या मधल्या जागा मोठ्या वाटतात. साखरपेठींचं लूपबद्दलचं म्हणणं मला या वाटेने कळलं.

पत्नी आता ठीक आहे. तिला मालकंस नको, भूपाली चालतो म्हणते.

बारा_टॉप

काका, तो टेम्पो माझा नव्हता, पण तसाच मी पण उभा केलेला असणार कधीतरी कुणाच्या तरी दारात. वाईट वाटलं वाचून. आम्ही आता दहाला बंदच करतो आणि दवाखान्यापुढं आवाज टाकत नाय.

हलगी_मिक्स

वय २१, इंजिनिअरिंगला आहे. तुम्ही सगळे भारी लिहिताय, पण पोरांबद्दल एक गोष्ट चुकताय. आम्हाला फक्त ड्रॉप लागतो असं नाहीये. माझे मित्र जो १५० चा हार्ड टेक्नो ऐकतात, त्यात ड्रॉप नसतोच, नुसता मारा. सलग. फरक एवढाच की आम्हाला ते जोरात पाहिजे. आणि रीलमुळे गाण्याचे १५ सेकंदच कानावर पडतात, म्हणून तेवढ्यात जे बसतं तेच व्हायरल होतं. त्यात आमची आवड किती आणि फोनची किती, मलाही सांगता येत नाही.

मी एफएलवर, म्हणजे गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर, हलगी मिक्स बनवतो. सुरुवातीला इंटरनेटवरून उचललेला हलगीचा नमुना वापरायचो. मग आमच्या गावच्या हलगीवाल्या मामांना भेटलो. त्यांनी आधी शेकोटीवर हलगी धरली, कातडं ताणलं जाईपर्यंत, बोटाने टिचक्या मारून बघत. मग वाजवली. रेकॉर्ड करून एफएलमध्ये टाकली तर एकही ठोका ग्रीडवर, म्हणजे ठेक्याच्या सरळ रेघांवर, बसेना. दर चौथा ठोका किंचित आधी. मी ते सगळं ओढून सरळ केलं आणि ट्रॅक मेला. तासभर प्रयत्न करून शेवटी हलगी तशीच ठेवली आणि किकच तिच्यामागे सरकवली. तेव्हा जिवंत झाला. त्यामुळे साखरपेठी दादा, तुम्ही म्हणता ना, एखादा सूर कणभर सरकतो आणि मजा येते, ते मला २१ व्या वर्षीच कळलंय. वय लागत नाही. बनवायला बसलं की कळतं.

एक विनंती. मला मागाचा आवाज पाहिजे. खरा. कुणी रेकॉर्ड करून देईल का?

साखरपेठी

देतो. रविवारी ओळखीच्या कारखान्यात जातो. मालक हो म्हणालेत.

बाकी तुझं बरोबर आहे. टेक्नो जिथे जन्मलं ते डेट्रॉईट मोटारींच्या कारखान्यांचं गाव, आणि हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन यांनी ते उभं केलं तेव्हा तिघंही विशीच्या आसपासच होते. कारखाने बंद पडत चाललेल्या गावातली पोरं यंत्राच्या ठेक्यावर नाचायला लागली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपली जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आली. भोंगे गेले, माग उरले, आणि आता मागही कमी होत चाललेत. आपल्याकडे त्या आवाजावर कुणी नाचलं नाही.

साखरपेठी

रेकॉर्डिंग झालं. एक लिहून ठेवतो, विसरायला नको.

एकच माग चालू ठेवायला सांगितला, बाकीचे सात बंद. फोन बीमच्या बाजूला स्टुलावर ठेवला, खाली चादरीची घडी. धोटा इकडून सुटतो तेव्हा एक कोरडा टक, तिकडे पोचतो तेव्हा दुसरा, आणि मग फणी कापडावर आपटते तो दणका, तोच फरशीतून येतो. लहानपणी मला तो एकच आवाज वाटायचा. जवळ कान नेला तर त्यात किमान पाच आवाज निघाले. चामड्याच्या पट्ट्याची चुरचुर, धोट्यातली कांडी संपत आली की येणारा पोकळ खडखड. माग चालवणारे मामा माझ्याकडे बघून हाताने काहीतरी विचारत होते. मागवाल्यांची ती खुणांची भाषा मला येते, वडील घरीसुद्धा तसेच बोलायचे. "कशाला?" असं विचारत होते. मी दोन बोटांनी कान दाखवला आणि डोललो. ते हसले आणि त्यांनीही मान डोलावली. बरोबर ठेक्यावर.

साडेचार मिनिटं मिळाली. पाठवलं आहे.

हलगी_मिक्स

झालं. सहा मिनिटांचा ट्रॅक आहे. टेम्पो ११८ वरच ठेवला, मागालाच मालक केला, किक त्याच्यामागे. वर हलगी फक्त शेवटच्या दोन मिनिटांत. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एके ठिकाणी माग थांबतो आणि थोड्या वेळाने परत चालू होतो, तो तुकडा मी कापला नाही. तोच माझा ब्रेकडाउन. लिंक धाग्याच्या सुरुवातीला टाकायला सांगितली आहे.

शेंगपोळी

ऐकला. ब्रेकनंतर माग सुरू होतो तिथे मला ड्रॉप मिळाला. आमच्या क्लासच्या ताईंना पाठवला, सोमवारी वॉर्मअपला लावतायत.

बारा_टॉप

बेसवर लावून बघितला गोडाऊनमध्ये, हळू आवाजात. कानात प्लग घालून. वर काहीच नाय, सगळं खाली हाय, तरी पोरं काम सोडून उभी राहिली. पाव्हणं, हलगी आणखी थोडी आधी आण.

पार्कचौक

चार वेळा ऐकला. हलगी आधी आणू नका.

साखरपेठी

काल रात्री जेवणानंतर वडिलांना ऐकवला. मोठे हेडफोन लावले, आवाज कर्णिकांनी सांगितलेल्या मर्यादेत. त्यांना काय आहे ते सांगितलं नव्हतं. मी समोर पलंगावर बसलो, मुलगा दाराशी.

पहिली दहा-बारा सेकंद चेहऱ्यावर काही नाही. मग उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत एका जागी थांबला, मागाच्या दांडीवर असतो तसा. "मग्गम," म्हणाले. आमच्या घरात तेलुगूत मागाला मग्गमच म्हणतात. मुलगा जवळ येऊन बसला. पुढची दोन-अडीच मिनिटं तिघांपैकी कुणीच बोललं नाही. मुलाच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता.

तिसऱ्या मिनिटाला ब्रेक आला. माग थांबला, किक थांबली. मला माहीत होतं तो कुठे येणार आहे, तरी माझा श्वास अडकला, कांदोळीला अडकायचा तसाच. मुलगा माझ्याकडे बघत होता.

वडिलांनी डोळे उघडले. हेडफोन कानांवर तसेच ठेवून, मोठ्या आवाजात, शेडमध्ये बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "धागा तुटला. कोण बघतंय तिकडे?"